विचारायला जागा

जुलै १९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं. घरी, शाळेत किंवा वैद्याकडेही ज्यांची वाच्यता करता येत नव्हती असे शरीराचे आणि कामजीवनाचे प्रश्न वाचक त्या मासिकाला पत्रातून विचारू लागले. कर्वे शास्त्राच्या आधारे, आडपडदा न ठेवता उत्तरं देत. याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांची बाजू बॅरिस्टर बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड झाला, तरी मासिक १९५३ मध्ये कर्व्यांच्या निधनापर्यंत चालूच राहिलं. मराठी नियतकालिकांना अभिमान वाटावा असा हा वारसा आहे. यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विषय त्याच वाटेवरचा आहे: किशोरवयीन मुलामुलींचं आरोग्य आणि त्यांच्या हातातला मोबाइल.

आज ही मुलं पत्र लिहीत नाहीत. पाळी दोन महिने आली नाही, हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, मित्राबद्दल वाटणारी ओढ चुकीची आहे का, हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर टाइप होतं. समोर येणाऱ्या उत्तरांत डॉक्टर कमी आणि ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ जास्त असतात. अश्लील चित्रफिती तर न शोधताही सापडतात. शाळांनी ही पोकळी भरायला हवी होती. पण २००७ मध्ये केंद्राचा किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आला तेव्हा त्याला नकार देणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता, गोवाही होता. लैंगिक शिक्षण ही पाश्चात्त्य कल्पना आहे हा समज चुकीचा असल्याचं सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये एका निकालपत्रात नमूद करावं लागलं.

या मधल्या काळात ॲप आलं. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला, १० ते १९ वयोगटासाठी. त्यातूनच २०१७ मध्ये ‘साथिया सलाह’ हे ॲप आणि गावातल्या किशोर-मित्रांसाठी साहित्याचा संच तयार झाला. मुलग्यांनी रडण्यात कमीपणा नाही, समलिंगी व्यक्तीबद्दल आकर्षण वाटू शकतं, हे त्या सरकारी साहित्यात स्वच्छ लिहिलं होतं. पॉप्युलेशन फाउंडेशन ऑफ इंडियाच्या ‘स्नेहएआय’ या संवाद-यंत्रणेशी एक लाखाहून अधिक जण बोलले, पण ती बोलते हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात. धारणी किंवा अक्कलकुव्यातल्या मुलीला आपला त्रास ज्या शब्दांत मैत्रिणीला सांगता येतो, त्याच शब्दांत तो यंत्रालाही समजला पाहिजे. युनिसेफने २०२० मध्ये इंडोनेशिया आणि मंगोलियात ‘ओकी’ हे पाळीची नोंद ठेवणारं ॲप आणलं, ते मुलींना सोबत घेऊन बनवलेलं होतं. इंटरनेट नसतानाही ते चालतं आणि एकाच फोनवर बहिणी-बहिणींना स्वतंत्र, पासवर्ड असलेली खाती उघडता येतात. फोन घरात सामायिक असतो, हे ते करणाऱ्यांनी आधीच ओळखलं होतं.

खरी अडचण तिथेच आहे. ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची ‘असर’ ही शैक्षणिक पाहणी २०२३ मध्ये झाली. महाराष्ट्रातून त्यात नांदेड जिल्हा होता. जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन होता. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन ४३.७ टक्के मुलग्यांकडे होता आणि मुलींमध्ये हेच प्रमाण १९.८ टक्के होतं. म्हणजे मुलीच्या हातात येणारा फोन बहुधा वडिलांचा किंवा भावाचा असतो, आणि तो परत करताना तिने काय पाहिलं हेही त्यात राहतं. अशा घरातल्या मुलीला उत्तराइतकीच एकांताची गरज आहे.

एकांत कंपन्यांकडूनही मोडतो. पाळीची नोंद ठेवणारं ‘फ्लो’ हे ॲप जगभर दहा कोटींहून अधिक जणी वापरत होत्या. माहिती गुप्त ठेवण्याचं वचन देऊनही ती फेसबुक, गूगलसारख्या कंपन्यांच्या यंत्रणांना पुरवल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२१ मध्ये या कंपनीला समझोता करायला लावला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला बंदी घातली. हे योग्यच झालं. पण त्याच कलमात पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. जो प्रश्न घरात विचारता येत नाही म्हणून मुलगी ॲपकडे वळते, त्यासाठी तिने आधी घरच्यांची परवानगी आणायची का? विशिष्ट संस्थांना सूट देण्याची सोय कायद्यातच आहे. किशोर-आरोग्याच्या विश्वासार्ह सेवांना ती स्पष्टपणे मिळायला हवी.

आणि ॲपचं उत्तर वाचून झाल्यावर पुढे काय? रक्तस्राव थांबत नसेल, कोणी जबरदस्ती करत असेल, तर समोर माणूस लागतो. सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिकं त्यासाठीच आहेत, पण कित्येक पालकांना ती ठाऊकही नाहीत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत उभ्या केलेल्या ‘तारुण्यभान’ शिबिरांत मुलंमुली समोरासमोर बोलतात. अशा शिबिरांत जे प्रश्न निघतात, ते ॲप लिहिणाऱ्यांनी मन लावून ऐकायला हवेत. संकटाच्या वेळी मुलांसाठी असलेला १०९८ हा मदत क्रमांक तर प्रत्येक ॲपच्या पहिल्या पानावर दिसला पाहिजे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बीडमधून ऊसतोडीच्या गाड्या निघत असतील. मुकादमाकडून जोडीने उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घ्यायची, म्हणून कोवळ्या वयात लग्नं लागतात आणि शाळा सुटलेली मुलगी थेट फडात उभी राहते. राज्य सरकारने नेमलेल्या समितीला २०१९ मध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढल्याचं आढळलं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना शस्त्रक्रियेशिवाय दुसरा उपाय असू शकतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या मुली हंगामात कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांमध्ये, राहतात. तिथे रेंज मिळेलच असं नाही, पण बहुतेक कोप्यांत एखादा फोन असतो. इंटरनेटशिवाय चालणारं, मराठीत बोलून उत्तर देणारं, कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राचा पत्ता सांगणारं ॲप हंगाम सुरू होण्याआधी आशाताईंनी गावातच फोनवर घालून द्यावं. त्यासाठी लागणारं तंत्रज्ञान आज उपलब्ध आहे. आरोग्य विभाग, साखर कारखाने आणि बीडमध्ये काम करणाऱ्या संघटनांनी एकत्र बसून याच गळीत हंगामात एका तालुक्यापासून ते सुरू करावं, अशी या अंकाची मागणी आहे.