ही भीती घालवू नका

ऑनलाइन पोकर शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक धडा हमखास असतो. छोट्या टेबलावर बऱ्यापैकी खेळणारा मुलगा मोठ्या टेबलावर गेला की घाबरतो, हात आखडता घेतो, चांगली पानं असूनही डाव सोडून देतो. ही भीती कशी घालवायची, याचा तो धडा. शिकवणारा मोठ्या आत्मविश्वासाने सांगतो की समोर पैसे आहेत हे विसरा, त्या फक्त चिप्स आहेत. घाबरणारा कधी वर चढत नाही.

मी शिक्षक आहे. मुलांच्या मनातली भीती घालवणं हा माझा रोजचा धंदा आहे. उर्दू माध्यमातून आलेली मुलगी मराठीतून उत्तर द्यायला घाबरते, खेड्यातून लातूरला आलेला मुलगा क्लासमध्ये शंका विचारायला घाबरतो. त्यामुळे भीती म्हटली की ती वाईटच, असं आम्हा शिक्षकांनाही वाटू लागतं. म्हणूनच मला हे लिहावंसं वाटलं. मोठ्या टेबलावर बसताना वाटणारी भीती हा आजार नाही. त्या मुलाच्या डोक्यात त्या क्षणी शिल्लक राहिलेली ती एकच शहाणी गोष्ट आहे.

आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मान्य करू या. पोकरमध्ये कौशल्य आहे. शक्यतांचा हिशोब, समोरच्याच्या वागण्याचा अंदाज, केव्हा थांबायचं याची समज, हे सगळं त्यात लागतं. रमीबद्दल तर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं होतं की तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पोकरबद्दल मात्र न्यायालयांचं एकमत नव्हतं. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवलं. तरी वादापुरतं धरू की हा कौशल्याचा खेळ आहे. मग हेच कौशल्य मोठ्या टेबलावर कोणाच्या बाजूने उभं राहतं?

पाच-दहा रुपयांच्या ब्लाइंडचं टेबल घ्या. ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम. इथे प्रत्येक जण साधारण हजार रुपये घेऊन बसतो. सहा जणांचे सहा हजार झाले. टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला वाटा कापतो, त्याला रेक म्हणतात. समजा डावामागे सरासरी पाच रुपये कापले आणि तासाला सत्तर डाव झाले, तर तासाला साडेतीनशे रुपये टेबलावरून कायमचे गेले. सहाही जण अगदी तोलामोलाचे असले तरी सतरा-अठरा तासांत सहाच्या सहा हजार संपतात. न चुकता जिंकणारा एकच, आणि तो पत्ते खेळतच नाही.

यावर उस्ताद म्हणतात की वरच्या टेबलावर रेक प्रमाणात कमी पडतो. खरं आहे. पण वर बसलेले लोक कोण आहेत? वर्षानुवर्षं हाच उद्योग करणारे, प्रत्येक डावाची नोंद ठेवणारे. खालच्या टेबलावर तुमच्यासारखाच हौशी गडी समोर असतो. वरच्या टेबलावर हौशी तुम्हीच असता. पोकरच्या भाषेत अशा गिऱ्हाइकाला फिश म्हणतात, मासा. वरच्या टेबलाला खालून येणारा मासा लागतो, नाहीतर तिथले तरबेज लोक एकमेकांचं काय खाणार? धाडस करून वर या, हे आमंत्रण कोणाच्या फायद्याचं आहे ते यावरून ओळखा.

आता नशिबाचा हिशोब. दर शंभर डावांमागे सरासरी पाच मोठे ब्लाइंड कमावणारा खेळाडू चांगला समजला जातो. या खेळातले चढउतार इतके मोठे आहेत की असा माणूस दहा हजार डाव खेळूनही तोट्यात असण्याची शक्यता साधारण चारात एक ते तिनात एक आहे. हे जिंकणाऱ्याचं झालं. म्हणून जाणकार सांगतात की ज्या टेबलावर बसायचं, तिथल्या एका बैठकीच्या रकमेच्या तीस-चाळीसपट पैसे बाजूला हवेत. पन्नास-शंभरच्या टेबलावर एक बैठक दहा हजारांची. चाळीसपट म्हणजे चार लाख. आणि हे चार लाख असे हवेत, की उद्या गेले तरी घरातली चूल, फी, औषध यांतलं काहीही अडणार नाही.

आता आपल्याकडे या. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही मिळत नाही म्हणून शेतकरी रडत होते. हमीभावानेच धरलं तरी चार लाख म्हणजे पंचाहत्तर क्विंटल सोयाबीन. नांदेड-लातूरकडच्या किती घरांत असं पंचाहत्तर क्विंटल आहे, जे गेलं तरी फरक पडत नाही? लातूरला नीटच्या क्लाससाठी खोली घेऊन राहिलेल्या मुलाकडे, नांदेडच्या देगलूर नाक्याकडे दुकानात आठ-दहा हजारांवर काम करणाऱ्या पोराकडे हे पैसे कुठून येणार? ते मेसचे असतात, फीचे असतात, बहिणीच्या लग्नासाठी अम्मीने भिशीत टाकलेले असतात.

म्हणून त्याचा हात थरथरतो. त्याला आठवतं, हे पैसे कोणाचे आहेत. ही भीती म्हणजे दुसरं काही नाही, ती आठवण आहे. आणि "पैसे विसरा, चिप्स म्हणा" हा धडा म्हणजे ती आठवण पुसून टाकण्याचं प्रशिक्षण आहे. स्वतःच्या कमाईवर खेळणाऱ्या एखाद्या मुरलेल्या खेळाडूला ते उपयोगी पडत असेल. आपल्या पोराला तो धडा देणं म्हणजे गाडीचा ब्रेक काढून त्याला वेग वाढला असं म्हणणं.

आठवण पुसली गेली की काय होतं, हे या देशाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिर एकदम द्रौपदीपर्यंत पोहोचत नाही. आधी रत्नं, मग रथ, हत्ती, राज्य, मग एकेक भाऊ, मग स्वतः. प्रत्येक डाव हरल्यावर आता आणखी काय आहे, असं त्याला विचारलं जातं आणि तो वरच्या टेबलावर चढतो. शकुनीचे फासे तर वाईट होतेच, पण युधिष्ठिराची घाबरण्याची ताकदच संपली होती. कुरआनात सूरह बकराची २१९वी आयत दारू आणि मैसिर, म्हणजे जुगार, यांचा एकत्र उल्लेख करते. त्यात लोकांना काही फायदाही आहे हे ती मान्य करते आणि नुकसान त्याहून मोठं आहे असा निवाडा देते. फायदा नाकारलेला नाही, वजन करून दाखवलं आहे. मला ही पद्धत महत्त्वाची वाटते. आपल्या मोहल्ल्यात मात्र "हराम आहे" एवढं म्हणून विषय मिटवला जातो. पोरांना हराम आहे हे माहीत असतं. "हा जुगार नाही, स्किल गेम आहे" हे उत्तर त्यांच्या खिशात तयार असतं. त्या उत्तराला हिशोबाने उत्तर द्यायला मौलाना, मास्तर, बाप, कोणी बसत नाही.

आणि पोरांची भीती घालवली कोणी? एकट्या उस्तादांनी नाही. सिनेमाचे नट आणि क्रिकेटचे हिरो जाहिरातींतून हेच करत होते. बच्चू कडूंनी ऑगस्ट २०२३ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या मुंबईतल्या घरासमोर आंदोलन केलं, ते अशाच जाहिरातीवरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून सरकारने या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी घेतला. म्हणजे पोराने शंभर लावले की आधी तिजोरी भरत होती. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग कौशल्य असो की नशीब. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे.

पण बंदी आली म्हणजे टेबल उठलं असं समजू नका. मोठ्या देशी कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले. परदेशी साइट आणि टेलिग्रामवरचे एजंट उरले. एजंट यूपीआयवर पैसे घेतो, चिप्स देतो आणि जिंकलेले पैसे द्यायची वेळ आली की नंबर बंद करतो. आता तक्रार कोणाकडे करणार? आधी निदान पावती मिळत होती. आज "वरच्या टेबलावर ये" म्हणणारा माणूस पूर्वीपेक्षा जास्त धोक्याचा आहे, आणि म्हणून ती भीती आज पूर्वीपेक्षा जास्त मोलाची आहे.

पालकांना आणि माझ्या शिक्षक बांधवांना माझं सांगणं आहे, पोरगं खेळतंय असं कळलं तर मारझोड करू नका, मोबाइल फोडू नका. बँकेचं स्टेटमेंट काढून त्याच्या शेजारी बसा. एका रकान्यात भरलेले पैसे, दुसऱ्यात परत आलेले. बेरीज त्यालाच करू द्या. गणित आपल्या हाताने केलं की पटतं. कर्ज झालं असेल तर ते घरात उघड होऊ द्या, कारण लपलेलं कर्ज फेडायलाच पोरगा आणखी वरच्या टेबलावर जातो. मन खचलं असेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि पोरांनो, तुम्हाला हिम्मत दाखवायचीच असेल तर जागा भरपूर आहेत. इंग्रजीतून मुलाखत द्या. नापास झालेल्या परीक्षेला पुन्हा बसा. हरलेला आकडा अब्बांच्या समोर बसून सांगा. पन्नास-शंभरच्या टेबलावर बसण्यापेक्षा या तिसऱ्या गोष्टीला किती तरी जास्त काळीज लागतं. पत्त्यांच्या टेबलावर मात्र हात थरथरला तर थरथरू द्या. तो हात तुम्हाला घरी चल म्हणतोय.