बैल गेला नि झोपा केला?

'बैल गेला नि झोपा केला' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरती पाठ केलेली असते. बैल निघून गेल्यावर गोठ्याला दार करून उपयोग काय, हा तिचा अर्थ. पण समजा, बैल अजून गेलेलाच नाही. दावे सोडवून तो नुसता उंबऱ्याशी उभा आहे आणि तेवढ्यात धनी घाईघाईने दार करू लागला, तर? बैलाने थांबावे की जावे?

हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्यापुढे उभा राहिला. आपण नोकरी सोडतो म्हटल्यावर मालक पगार वाढवून देऊ करतो. तो घ्यावा की घेऊ नये? सकाळी तास करून दुपारी कुठे ना कुठे कामाला जाणारे माझ्यासारखे अनेकजण या महाविद्यालयात आहेत. म्हणून वार्षिकांकासाठी हाच विषय निवडला.

मी एका कापड दुकानात दुपारी दोनपासून रात्री साडेनऊपर्यंत काम करीत होतो. पगार महिना ६,००० रुपये. मालक वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. ओळखपाळख नसताना त्याने मला ठेवून घेतले. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, ठाणातले कापड कसे मोजावे, हे सारे त्यानेच शिकवले. पण परीक्षेच्या दिवसांत दोन तास लवकर सोडा, असे मी त्याला तीन वेळा म्हटले. तिन्ही वेळा उत्तर मिळाले, "बघू." पहिल्या वर्षीच्या दोन चाचण्या अशाच बुडाल्या. एकदा तर चार गिऱ्हाइकांसमोर तो हसत म्हणाला, "बी. ए. करून कोण कलेक्टर झालाय?" गिऱ्हाइकेही हसली. मीही हसलो. पण त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे महाविद्यालयाजवळच्या एका टायपिंग व झेरॉक्सच्या दुकानात जागा निघाली. वेळ पाच ते नऊ, पगार ६,५०० रुपये, आणि परीक्षेच्या काळात सुटी. मी येतो म्हणून शब्द दिला. दुसऱ्या दिवशी कापड दुकानात जाऊन महिनाअखेर काम सोडतो असे सांगितले.

तेव्हा तुळशीचे लग्न होऊन गेले होते आणि लग्नसराई तोंडावर आली होती. मालकाने मला आत बोलावले, चहा मागवला आणि म्हणाला, "आठ हजार देतो. बाकीच्या पोरांना बोलू नको. आणि बहिणीच्या ॲडमिशनला पैसे लागतील ना? वीस हजार आत्ता घेऊन जा. कामात फेड."

मित्रहो, दुसऱ्या घरी या बोलण्याची किंमत काय असेल मला माहीत नाही. आमच्या घरी ८,००० आणि ६,५०० यांतला फरक म्हणजे महिन्याचा किराणा. बहीण बारावीला आहे. तिला नर्सिंगला जायचे आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. असा प्रसंग आला तर काय करायचे, हे सांगणारा आमच्याकडे कोणी नाही, असे मला वाटत होते.

तो माझा गैरसमज होता.

माझे आईवडील बारा वर्षे ऊसतोडीला जात होते. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून 'उचल' मिळते आणि ती ऊस तोडून फेडायची असते. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या सालीही त्याच मुकादमाकडे जावे लागते. कंबर धरल्यामुळे वडील आता मोंढ्यात जमेल तेवढी हमाली करतात. रात्री मी त्यांना सारे सांगितले. आठ हजारांचे ऐकून ते काही बोलले नाहीत. वीस हजारांचे ऐकताच म्हणाले, "वाढ घेतली तर उद्या सोडता येतं, बाळा. उचल घेतली की सोडता येत न्हाई. ते मला इचार."

माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म या दोन वाक्यांत आहे. मालकाने देऊ केलेली प्रत्येक गोष्ट 'वाढ' नसते. तिच्यातला कोणता भाग केलेल्या कामाचा मोबदला आहे आणि कोणता पुढे पाय बांधणारा आहे, हे आधी निवडून घ्यावे. रकमेकडे नंतर पाहावे.

अर्थशास्त्राच्या सरांनी एकदा वर्गात अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकाविषयी सांगितले होते. असमाधानी माणसापुढे दोन वाटा असतात: एक निघून जाण्याची, दुसरी बोलून दाखवण्याची. आणि निष्ठा ही निघालेले पाऊल काही काळ अडवून धरते. मी हे स्वतःला लावून पाहिले. मी आधी बोललो होतो, एकदा नव्हे, तीनदा. तेव्हा ऐकू गेले नाही. पाऊल उचलताच ऐकू गेले! आणि ऐकू आले तेही अर्धेच, कारण मी वेळ मागितली होती आणि मिळत होते पैसे.

शिवाय माझे काम एका रात्रीत दोन हजारांनी सुधारले नव्हते. ते आठ हजारांचे असेल, तर आजवर सहा का मिळत होते? आणि नसेल, तर हे दोन हजार लग्नसराई पार पडेपर्यंतचे तर नव्हेत? 'बाकीच्या पोरांना बोलू नको' हेही मला खटकले. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, ती संघटनांनी सर्वांसाठी मिळून मागितली म्हणून. लपवून घ्यावी लागणारी वाढ शेजारी उभ्या असलेल्या पोराच्या डोळ्याला डोळा भिडवू देत नाही.

काही मित्र म्हणतील, हा सारा भाबडेपणा झाला. जो जास्त देईल त्याच्याकडे जावे, व्यवहार तो व्यवहार. त्यांचेही म्हणणे अगदी चुकीचे नाही. कमी पगार एवढेच सोडण्याचे कारण असेल, दुसरीकडे शब्द दिलेला नसेल आणि मालकाला आपली अडचण खरोखर ठाऊक नसेल, तर वाढ घेऊन थांबण्यात कमीपणा कसला? आमच्या वर्गातली एक मैत्रीण औषधांच्या दुकानात काम करते. ती सोडते म्हणताच तिच्या मालकिणीने आधी 'का?' असे विचारले आणि त्याच आठवड्यापासून वेळ बदलून दिली. ती थांबली आणि तिने योग्यच केले. तिथे दुखणे आणि औषध एकच होते.

माझे तसे नव्हते. शिवाय झेरॉक्सवाल्या काकांनी माझ्या शब्दावर दुसऱ्या मुलाला नाही म्हणून सांगितले होते. मी गेलो नसतो तर त्या मुलाचेही काम गेले असते आणि काकांचाही खोळंबा झाला असता.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' या योजनेत 'कमवा' हा शब्द आधी येतो. पण कमवायचे ते शिकण्यासाठी. कमाईने शिक्षणच गिळायला सुरुवात केली, की ती कितीही वाढली तरी तोट्याचीच.

मी कापड दुकान सोडले. शेवटच्या दिवशी मालकाच्या पाया पडलो, कारण त्याने मला काम शिकवले हे खरे आहे. तो म्हणाला, "पस्तावशील." कदाचित पस्तावेनही. बहिणीच्या फीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज आम्ही दोघे मिळून भरणार आहोत. पण या वर्षी माझी एकही चाचणी बुडालेली नाही.

तेव्हा, मित्रांनो, उंबऱ्याशी उभे असताना मागून हाक आली, तर जरूर वळून पाहा. धन्याने पुढे केलेली पेंढी पाहा. पण त्याच्या दुसऱ्या हातात दावे आहे का, हेही पाहायला विसरू नका.

(द्वितीय वर्ष, कला)