खोक्याची पेटी

मनोर हे पालघर तालुक्यातील गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर आहे. येथून पश्चिमेस गेले की पालघर लागते आणि त्याच्या उत्तरेस बोईसर व तारापूरची औद्योगिक वसाहत. कारखान्यांचा आणि दुकानांचा माल या रस्त्यांनी रात्रंदिवस ये-जा करतो आणि त्याच्याबरोबर पुठ्ठ्याचे खोकेही प्रवास करतात. माल उतरला की खोक्याचे काम संपते. मग तो भंगारवाल्याकडे तरी जातो, नाही तर पावसात भिजून कुजतो.

अशा खोक्याची शोभिवंत पेटी करावी, असे शाळांतून मुलांना सांगितले जाते. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हे शब्द आता सर्वांच्या तोंडी आहेत. कल्पना चांगली आहे. परंतु ती अमलात कशी येते? रिकामा खोका सजविण्यासाठी मुले बाजारातून चकचकीत प्लॅस्टिकचा कागद, चमकी, टिकल्या आणि रंगांच्या बाटल्या आणतात. फुकटच्या खोक्यापायी पाच वस्तू विकत येतात. पेटी चार दिवस कपाटावर शोभते, पुढे चमकी गळू लागते आणि पेटी कचऱ्यात जाते. वास्तविक तो खोका मुळात कागदाच्या कारखान्यात जाऊ शकला असता. तेथे जुना पुठ्ठा पाण्यात घुसळून लगदा करतात व त्याचा नवा कागद बनवितात. प्लॅस्टिक आणि चमकी चिकटलेला पुठ्ठा त्या कामी नीट येत नाही. म्हणजे टाकाऊ वस्तू टिकाऊ तर झाली नाहीच, उलट अधिकच टाकाऊ झाली! या खटाटोपाला कला म्हणणे कठीण आहे.

खरी कला कशी असते, हे पाहण्यासाठी मनोरच्या मुलांना दूर जावे लागत नाही. याच भागातील वारली लोकांनी कुडाच्या भिंती शेणामातीने सारवून, त्यांवर गेरूचा हात देऊन चित्रे काढली. तांदळाचे पीठ पाण्यात कालवले की रंग झाला; बांबूच्या काडीचे टोक ठेचले की कुंचला झाला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणसाचे धड उभे राहते. ही चित्रे प्रामुख्याने लग्नप्रसंगी स्त्रिया काढीत. डहाणू तालुक्यातील गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतरच्या काळात तीच चित्रे कागदावर व कापडावर आणली आणि ती देशोदेशी पोहोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते निवर्तले. त्यांच्या कागदावरही गेरू आणि शेण यांचीच जमीन असे.

आता पुठ्ठ्याकडे पाहावे. त्याचा रंग सारवलेल्या भिंतीच्या रंगाशी किती मिळताजुळता आहे! त्यावर दुसरा कागद चिकटविण्याचे कारणच उरत नाही. पुठ्ठ्याची कड निरखली तर दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद दिसतो. त्याच्या पन्हळी उभ्या ठेवल्या म्हणजे पेटीच्या बाजू अधिक भार सोसतात. कोपरे आतून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी जोडावे व कणकेची खळ वापरावी. काश्मीरमधील कागदाच्या लगद्याच्या पेट्यांतही हाच क्रम आहे : एक कारागीर आधी पेटी घट्ट घडवितो, मग दुसरा तिच्यावर नक्षी काढतो. डळमळीत पेटी कितीही रंगविली तरी डळमळीतच राहते.

रसायनांचे व औषधांचे खोके मात्र मुलांनी घेऊ नयेत; वह्यांचे किंवा चपलांचे घ्यावेत.

चित्राचा विषयही विचारपूर्वक निवडावा. तारपा वाजविणाऱ्याभोवतीचा नाच, भाताची लावणी, ताडाचे झाड, मुंग्यांची रांग हे पेटीवर खुलून दिसते. लग्नातील चौक मात्र वेगळा. त्यात पालघट देवी असते. त्याची जागा लग्नघरच्या भिंतीवर आहे, चपलांच्या खोक्यावर नव्हे.

तांदळाचा रंग ओल लागली की पुसतो, म्हणून पेटी कोरड्या जागी ठेवावी. पुढच्या पावसाळ्यासाठी राखलेले काकडीचे आणि भेंडीचे बी तिच्यात छान राहते. रंग उडालाच, तर मूठभर तांदूळ पुन्हा वाटावे.