हवेची वही



नळाला गढूळ पाणी आले तर आपण ते गाळतो, उकळतो, नाहीतर ओतून देतो. बाजारातून आणलेली केळी सडकी निघाली तर ती परत करतो. हवेच्या बाबतीत असे करता येत नाही. गल्लीत जी हवा असेल तीच प्रत्येकाला घ्यावी लागते, मग तो श्रीमंत असो की गरीब, तान्हे बाळ असो की म्हातारे आजोबा. म्हणून हवा ही साऱ्या मोहल्ल्याची सामाईक ठेव आहे. या ठेवीचा हिशेब मोहल्ल्याने स्वतः ठेवला पाहिजे, असे माझे मत आहे.

हिशेब कशासाठी, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण ऐका. १९५२ च्या डिसेंबरमध्ये लंडन शहरावर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस साचून राहिले. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ४,००० माणसे दगावली. साऱ्या जगाने ते पाहिले आणि १९५६ साली इंग्लंडमध्ये शुद्ध हवेचा कायदा झाला. परंतु हवा नेहमी असा उघड घाला घालत नाही. बहुतेक ठिकाणी ती रोज थोडी थोडी बिघडते. डोळे चुरचुरतात, खोकला येतो आणि मग त्याची सवय होते. एका दिवसाचा धूर सर्वांना दिसतो, दहा वर्षांचा धूर मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

शास्त्रज्ञांनी म्हणूनच हवेला दोन मापे लावली आहेत. हवेत अतिशय बारीक धूलिकण असतात. त्यांतील जे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात, ते माणसाच्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्श्याएवढे असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते थेट फुप्फुसात खोलवर जातात. २००९ साली ठरलेल्या भारतीय मानकांनुसार एक घनमीटर हवेत असे कण एका दिवसात सरासरी ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतात. पण वर्षाची सरासरी ४० च्या वर जाता कामा नये. वर्षाची मर्यादा कमी का? कारण एक दिवसाचा त्रास शरीर सोसते, वर्षानुवर्षांचा सोसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२१ साली वर्षाची मर्यादा फक्त ५ सांगितली आहे.

आता आपल्याच राज्यातील एक उदाहरण पाहू. मुंबईच्या पूर्वेला चेंबूरजवळ माहुल नावाचे कोळी लोकांचे जुने गाव आहे. त्याच्या आसपास १९५४ व १९५५ साली तेलशुद्धीकरणाचे दोन मोठे कारखाने सुरू झाले. पुढे वीज केंद्र आले, खताचा कारखाना आला, तेल आणि रसायने साठवण्याच्या टाक्या आल्या. देशाला तेल हवे होते, खत हवे होते, हे खरेच आहे. पण त्याची किंमत शेजारच्या वस्तीने श्वासावाटे मोजली. लोक चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. ही थट्टा होती, पण कडवट थट्टा होती.

नुसत्या तक्रारींनी काही झाले नाही. मग नोंदी झाल्या. २०१३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाने तेथील रहिवाशांची पाहणी केली. त्यात दर तीन माणसांमागे सुमारे दोघांनी वारंवार दम लागत असल्याचे सांगितले. रहिवासी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली.

याच माहुलमध्ये, पाण्याच्या मोठ्या जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तेथील गरीब कुटुंबांना आणून ठेवण्यात आले होते. ज्या हवेबद्दल लवादाने इशारा दिला होता, त्याच हवेत! ते लोकही न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, त्यांच्यावर माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही. दुसरे घर देता येत नसेल तर भाड्यासाठी दरमहा १५,००० रुपये द्यावेत. यावरून एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ज्याला दुसरीकडे जाता येत नाही, त्याच्याच वाट्याला वाईट हवा येते.

तुम्ही म्हणाल, “सर, आपले अर्धापूर म्हणजे मुंबई नव्हे. येथे केळीच्या बागा आहेत, हळदीची शेते आहेत.” बरोबर आहे. पण लातूर तरी कोठे मुंबई आहे? तरीही ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षे मानकात बसली नाही, त्यांच्या राष्ट्रीय यादीत आपल्या शेजारच्या लातूरचे नाव आहे. ते नाव यादीत आले, कारण तेथे हवा मोजली गेली. जेथे हवा मोजत नाहीत, तेथील हवा चांगली असते असे नव्हे. ती केवळ कागदावर नसते.

आपल्या गावातून राष्ट्रीय महामार्ग जातो. मालमोटारींचा धूर आहे, उडणारी धूळ आहे. उसाचे पाचट जाळले जाते. नाल्याकाठी कचरा पेटवला जातो आणि त्यात प्लास्टिक असते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची हवा उबदार असते. त्यामुळे धूर वर जात नाही, गल्लीतच तरंगत राहतो. नेमक्या त्याच वेळी तुम्ही शाळेला निघता.

मग दोष कोणाचा? येथे न्यायाने बोलले पाहिजे. उघड्यावर कचरा जाळण्यास हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी केली आणि दंडही ठरवला. पण ज्या गल्लीत आठ आठ दिवस कचऱ्याची गाडी येत नाही, तेथील माणसाला आधी दंड करणे मला योग्य वाटत नाही. आधी गाडी आली पाहिजे. तसेच बेकरीचे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. आदेश योग्यच आहे, कारण भट्टीपुढे उभा राहणारा कारागीरच सर्वांत जास्त धूर गिळतो. पण नव्या भट्टीला पैसे लागतात. लहान बेकरीवाल्याला कर्ज आणि मुदत मिळाली तर धूरही जाईल आणि रोजीही राहील. धूर थांबवायचा आहे, चूल नव्हे.

तुमच्या हातात काय आहे? एक वही आणि पेन्सिल. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच जागी उभे राहून लिहा: तारीख, वेळ, धूर होता की नव्हता, कोणत्या बाजूने आला, कशाचा वास होता, समोरची दूरची खूण स्पष्ट दिसत होती की नाही. माणसांची नावे लिहू नका. ही चुगलीची वही नव्हे. जे दिसले तेवढेच लिहा, वाढवून काही लिहू नका. खोट्या नोंदीने खरी तक्रारही बुडते. ही वही यंत्राची जागा घेऊ शकत नाही. पण वर्षभराच्या नोंदी घेऊन नगरपंचायतीकडे गेलेल्या माणसाला “तुमचा नुसता भ्रम आहे” असे कोणी सहज म्हणू शकणार नाही. कचऱ्याची गाडी मागा. हवा मोजण्याचे यंत्र मागा.

हे मागणे भीक नव्हे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, शुद्ध पाणी आणि शुद्ध हवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हवा, हक्क, हिशेब आणि दाद हे चारही शब्द मराठीत आहेत तसेच तुमच्या उर्दूतही आहेत. त्यांचा अर्थ तुम्हाला समजावून सांगण्याची गरज नाही. हिशेब असेल तर हक्क मागता येतो, आणि हक्क मागितला तरच दाद लागते. पहिली नोंद उद्या सकाळीच करा.