तीन वर्षांच्या नागरिकाला भाषा नाही काय?

सुरतेहून बारडोलीकडे जाणाऱ्या वाटेवर पर्वत पाटिया नावाची वस्ती आहे. गावाच्या फाट्यावरील पाटीला गुजरातेत पाटिया म्हणतात. जुन्या पर्वत गावाच्या फाट्याचे हे साधे नाव आज एका गजबजलेल्या उपनगराने धारण केले आहे. कापडबाजारांचा आणि यंत्रमागांचा हा मुलूख. येथून लिंबायत, गोडादरा, डिंडोली आणि उधना या बाजूंना निघावे, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबारचा माणूस पावलोपावली भेटतो. तापीचे पाणी खानदेशातून सुरतेस येते, भुसावळची आगगाडी त्याच तापीच्या खोऱ्यातून सुरतेस येते, आणि पाऊस रुसला की खानदेशचा शेतकरीही त्याच वाटेने सुरतेस येतो. वाटेतल्या नवापूर स्थानकाचा फलाट अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. पोट भरण्यासाठी निघालेल्या माणसाला ही रेघ दिसत नाही. त्याच्या कडेवरील मुलाला मात्र ती आयुष्यभर नडते.

या मुलाचाच प्रश्न आम्ही आज मांडणार आहो. त्याला मत नाही, त्याची संघटना नाही, त्याला मोर्चा काढता येत नाही. म्हणून कोणत्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात त्याला ओळभर जागा मिळत नाही. बाप बारा बारा तास मागावर उभा असतो. आई घरीच बसून साडीचे धागे कापते, लेस लावते, टिकल्या चिकटविते आणि नगावर मजुरी घेते. मूल त्या साड्यांच्या ढिगाशेजारी लोळते आणि आठ वर्षांची बहीण त्याला सांभाळते. म्हणजे एका मुलाची बालवाडी बुडते आणि दुसरीची शाळा. कापडाच्या या नगरीत एका घरातील दोन बालपणे अशी एका साडीच्या मजुरीत विकली जातात, आणि त्या हिशेबाची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.

या मुलाला काही हक्क आहेत की नाहीत? कागदावर पाहिले तर भरपूर आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. सहा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाचे संगोपन व शिक्षण यांची जबाबदारी राज्यघटनेच्या ४५ व्या कलमात राज्यसंस्थेवर टाकलेली आहे; २००२ च्या दुरुस्तीने हे कलम आजच्या शब्दांत आले. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ रोजी स्पष्ट आदेश दिला की, ज्या झोपडवस्तीत सहा वर्षांखालील निदान चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्या वस्तीने मागणी करताच तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी दिली पाहिजे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाचा अंगणवाडीतील आहार हा कायदेशीर हक्क केला, आणि तो न दिल्यास भत्ता देण्याचे बंधन सरकारवर घातले. बालकाचा जन्म शहाद्यात झाला की सुरतेत, हे विचारण्याची मुभा या कलमाने कोणाला दिलेली नाही. चाळीस मुले! पर्वत पाटियाच्या आसपासच्या मजूर वसाहतींत चाळीस मुले मोजण्यास किती गल्ल्या फिराव्या लागतील? जी मोजदाद अर्ध्या दिवसात होईल, ती करून लेखी मागणी करण्याचे कष्ट आमच्यापैकी किती जणांनी घेतले?

आता भाषेकडे वळू. सुरत महानगराला एका गोष्टीचे श्रेय दिलेच पाहिजे. तेथील नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू व इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालविते. पोटासाठी आलेल्या माणसाच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकविले पाहिजे, हे तत्त्व या शहराने केव्हाच मान्य केलेले आहे. मग हे तत्त्व सहाव्या वर्षीच का जागे होते? तीन ते सहा या वयात मूल मुके असते काय? गुजरात राज्याच्या अंगणवाडीतील तक्ते, गाणी व गोष्टी गुजरातीत आहेत, हे स्वाभाविक आहे. एखाद्या वस्तीत मराठी जाणणारी सेविका असेल तर ती आपल्या चांगुलपणाने मुलांना सांभाळून घेत असेल. पण तो सुदैवाचा भाग झाला, धोरणाचा नव्हे. गुजरातीत अंगणवाडीच्या मदतनीस बाईला तेडागर म्हणतात. मुलाला कडेवर घेऊन येणारी, बोलावून आणणारी ती तेडागर. शब्द मोठा गोड आहे. आमचा सवाल एवढाच आहे की, या तेडागरने मुलाला कोणत्या भाषेत बोलवायचे?

सीमाभागातील वाचकाला राज्यघटनेचे ३५० अ हे कलम नवे नाही. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ते आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षण मिळावे म्हणून पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. प्राथमिक अवस्था म्हणजे पहिलीपासून पुढे, असे म्हणून आजवर सरकारी कचेऱ्या या कलमाच्या आड लपत आल्या. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्याने ही पळवाट बुजविली आहे. तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा एकच अखंड स्तर आहे, आणि त्या स्तरावर मुलाची घरची भाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे, असे आता सरकारच म्हणते. २०२३ पासून गुजरातेत पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असण्याची अट लागू झाली आणि प्राथमिक शाळांत बालवाटिका उघडल्या. स्तर एक, मूल एक, शाळेचे आवारही एक. तर मग मातृभाषेचा हक्क त्या स्तराच्या मध्यावर येऊन का थांबावा? इमारत अखंड आहे म्हणायचे आणि पाया मात्र दुसऱ्याच्या जागेत खणायचा, हा कोणत्या गवंड्याचा न्याय?

यावर एक ठराविक उत्तर येते. लहान मूल कोणतीही भाषा चटकन उचलते, मग एवढा कांगावा कशाला? मूल भाषा उचलते, हे खरे आहे. गल्लीत खेळताना ते गुजराती उचलील, हिंदी उचलील, आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण भाषा उचलणे वेगळे आणि त्या भाषेत भूक, भीती व लघवीला जाण्याची घाई सांगता येणे वेगळे. तीन वर्षांचे मूल आईपासून प्रथमच दूर बसते, तेव्हा ओळखीचा शब्द हाच त्याचा आधार असतो. तो मिळाला नाही की ते गप्प बसते. आणि गप्प बसलेल्या मुलाला पुढे मंद ठरविण्यास वेळ लागत नाही. आणखी एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिक राहून सांगितली पाहिजे. या वस्त्यांतील पुष्कळ घरांत पुस्तकी मराठी बोलली जात नाही. तेथे अहिराणी बोलली जाते. तेव्हा गुजरातीच्या जागी शुद्ध मराठीची छडी घेऊन बसणारी बालवाडीही आम्हाला नको. मुलाला अहिराणीत बोलू द्यावे, तीत हसू द्यावे, आणि तिच्या बोटाला धरून मराठीच्या दारी आणावे. शेजारच्या घरातील उडिया, भोजपुरी व मारवाडी बोलणाऱ्या मुलांनाही हाच न्याय लागू आहे. मुंबई महापालिका गुजराती आणि कन्नड माध्यमाच्या शाळा चालविते, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. जे आम्ही इतरांना देतो तेच आम्ही मागतो. आणि जेथे महाराष्ट्र देत नसेल, तेथे त्यालाही याच शब्दांत जाब विचारू.

दुसरे उत्तर अधिक उर्मट असते: तुम्ही बाहेरचे, हक्क पाहिजेत तर आपल्या राज्यात जा. असे म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या घरातील इतिहास वाचावा. भावनगरला १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर उघडणारे गिजुभाई बधेका गुजरातचे. गुजरातने त्यांना मिशीवाली आई म्हणून गौरविले. त्यांच्या खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या ताराबाई मोडक मराठी. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला तो या दोघांच्या जोडीने. या देशातील बालशिक्षणाची चळवळ गुजराती वडील आणि मराठी आई यांच्या पोटी जन्मली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. त्याच ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम मांडले, आणि १९५७ मध्ये त्या अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. बोर्डी आणि कोसबाड ही गावे गुजरातच्या सीमेला लागून आहेत. वारली मूल शाळेत येत नाही असे दिसताच ताराबाईंनी त्याला दोष दिला नाही. त्यांनी शाळाच त्याच्या अंगणात नेली. मूल गुरे राखावयास जाते असे दिसताच शाळा गुरांमागे कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा पडले. ज्या अंगणवाडीच्या नावाने आज सरकारे मिरवतात, तो शब्दच या मराठी बाईच्या कामातून आला आहे. त्याच भाषेतील मुलाला आता अंगणवाडीच्या दारात परके म्हणावयाचे काय?

कुरणशाळेचा धडा पर्वत पाटियाला जसाच्या तसा लागू आहे. येथील कुरण म्हणजे मागांची गल्ली. काही तास उघडून बंद होणारी अंगणवाडी बारा तास राबणाऱ्या घराच्या काय कामाची? २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती झाली. परंतु घरी बसून टिकल्या चिकटविणारी बाई कोणत्याच मालकाच्या हजेरीपटावर नसते. पन्नास काय, पाचशे बायका एका व्यापाऱ्याचा माल करीत असल्या, तरी कायद्याच्या लेखी त्याच्याकडे एकही बाई नोकर नाही! व्यापाऱ्याचा माल घरात येतो, घराचे भाडे बाई देते, दिव्याचे बिल बाई देते, आणि मूल सांभाळण्याचा खर्च तिची थोरली मुलगी देते. यावर उपाय नाही असे नाही. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेत स्थापिलेल्या ‘सेवा’ संघटनेतील कष्टकरी बायकांनी ‘संगिनी’ नावाची बालसेवा सहकारी संस्था काढली, आणि आईच्या कामाच्या वेळेशी जुळणारी पाळणाघरे चालवून दाखविली. अहमदाबादेत जे घडते ते सुरतेत अशक्य का असावे? केंद्र सरकारच्या पाळणा योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. ती योजना या वस्त्यांसाठी मागितली पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्या लहान वयावर खर्च करून काय साधणार? अमेरिकेत मिशिगन राज्यातील इप्सिलांटी गावी १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय घरांतील १२३ मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. काहींना चांगली बालवाडी मिळाली, काहींना मिळाली नाही. ती मुले चाळिशीला पोचेपर्यंत त्यांचा माग ठेवण्यात आला. बालवाडीत गेलेली मुले शिकली अधिक, कमावती झाली अधिक, आणि तुरुंगाच्या वाटेला गेली कमी. बालवाडीवरचा पैसा हा दानधर्म नव्हे, ती पेरणी आहे; आणि पेरणीचा हंगाम टळला की नंतर कितीही पाणी सोडले तरी पीक येत नाही, हे खानदेशच्या शेतकऱ्याला आम्ही सांगावयास नको.

आता थोडे आमच्याच माणसांविषयी. सुरतेत मराठी माणूस दुबळा राहिलेला नाही. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील २००९ पासून नवसारीतून लोकसभेवर निवडून येत आहेत. संगीता पाटील २०१२ पासून लिंबायतमधून विधानसभेवर निवडून येत आहेत. मराठी मताला वजन आहे, ही गोष्ट सिद्ध आहे. परंतु मते मागावयास आलेल्या उमेदवाराला, कोणत्याही पक्षाच्या, आमच्या वस्तीत बालवाडी केव्हा उघडणार, हा प्रश्न आम्ही विचारतो काय? गणेशोत्सवाचा मांडव दरवर्षी उंच होतो, शिवजयंतीची मिरवणूक लांब होते, वर्गणीची पावती प्रत्येक घरी जाते. हे सर्व जरूर व्हावे. पण ज्या मंडळाला दहा दिवस मांडव घालता येतो, त्याला बारा महिने एक खोली राखता येत नाही, हे आम्हाला पटत नाही. ज्याच्या हाती चार पैसे आले, तो इंग्रजी नाव रंगविलेल्या केजीत फी भरून मोकळा होतो, आणि त्याचे मूल अर्थ न कळणारी इंग्रजी गाणी घोकू लागले की धन्य होतो. ज्याच्या हाती पैसे नाहीत, त्याचे मूल साड्यांच्या ढिगाशेजारीच राहते.

आणि ज्या बायकांच्या बळावर हा सारा गाडा चालावयाचा, त्यांची स्थिती काय? सेविका आणि तेडागर यांना सरकार नोकर मानीत नाही, त्या मानधनावर. त्यांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे ठरविण्यासाठी गुजरातमधील या बायकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि २५ एप्रिल २०२२ रोजी तो हक्क मान्य झाला. पायाचे दगड बसविणाऱ्या हाताला मजुरी नाकारायची आणि कळसाला सोने मढवायचे, हा व्यवहार थांबला पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पर्वत पाटिया ते डिंडोली या पट्ट्यातील मजूर वस्त्यांत सहा वर्षांखालील मुलांची गल्लीवार गणना व्हावी. जेथे चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथे ती तीन महिन्यांत मिळावी. जेथे मराठी व अहिराणी बोलणारी मुले अधिक, तेथे त्यांची भाषा जाणणारी सेविका किंवा तेडागर त्याच वस्तीतून नेमावी. महापालिकेच्या प्रत्येक मराठी शाळेत मराठी बालवाटिका असावी. आणि आईच्या कामाच्या वेळेइतका वेळ उघडे राहणारे पाळणाघर निदान काही अंगणवाड्यांना जोडावे, त्याच्या खर्चाचा वाटा माल देणाऱ्या व्यापाऱ्यांकडून घ्यावा.

यांपैकी पहिली मागणी पुरी करण्यास सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. पर्वत पाटियातील मंडळांनी येत्या रविवारी वहीपेन्सिल घेऊन निघावे. घरोघर जावे, मुलांची वये लिहावी, त्यांच्या घरची भाषा लिहावी, आयांच्या सह्या घ्याव्या, अंगठे घ्यावे, आणि तो कागद बालविकास कचेरीत देऊन पोच घ्यावी. त्या तारखेपासून तीन महिने मोजावे. चौथ्या महिन्यात काय करावे, हे चळवळीत वाढलेल्या मराठी माणसाला सांगण्याची गरज नाही.