शेजारच्या चुलीवर

परवा माझी रूममेट मॅकबुकवर डॉटनेटचा कोड चालवत बसली होती. मी भाबडेपणाने विचारलं, ‘अगं, हे मायक्रोसॉफ्टचं ना? मग अ‍ॅपलवर कसं?’ तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मिसळीत तर्री का असते असं विचारलंय.

पण बॉस, प्रश्न उगाच नव्हता. आमच्या दादाने २००९मध्ये काकांच्या हार्डवेअरच्या दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं, ते डॉटनेटमध्ये. गल्ल्यावरच्या पीसीवर मात्र लिनक्स, कारण विंडोजच्या लायसन्सचे पैसे मोजायला काका तयार नव्हते. आणि तेव्हा मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट म्हणजे फक्त विंडोज!

त्याआधी जावाचंही झालंच होतं. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ हा सनचा १९९५चा वायदा. मायक्रोसॉफ्टने जावा घेतली आणि तिला खास विंडोजची शेपटं जोडली. १९९७मध्ये सन कोर्टात गेली. २००१मध्ये दोन कोटी डॉलर देऊन ते भांडण मिटलं.

दादाला वाचवलं ‘मोनो’ने. मिगेल दे इकाझा या मेक्सिकन प्रोग्रॅमरने २००१मध्ये हे काम हाती घेतलं. डॉटनेटचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचे. २००४मध्ये पहिली पक्की आवृत्ती आली. आणि बक्षीस? लिनक्सवाल्यांतलेच कितीतरी जण म्हणाले, हा मायक्रोसॉफ्टच्या पेटंटचा सापळा आहे. म्हणजे पूल बांधा आणि वर बोलणीही खा.

मग वारं फिरलं. सर्व्हर लिनक्सवर, पोरं मॅकवर. २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेट खुलं करत असल्याचं जाहीर केलं, २०१६मध्ये ते लिनक्स-मॅकवर आलं. २०२१मध्ये तर त्यांनी स्वतःची जावासुद्धा काढली, तीही तिन्ही सिस्टिम्ससाठी. ज्या जावेशी कोर्टकचेरी, तिच्याच हातचे लाडू आता दुकानात!

मी उत्साहाने दादाला फोन लावला. ‘आता काकांचं सॉफ्टवेअर नव्या डॉटनेटवर ने ना!’

‘स्क्रीन्स विनफॉर्म्समधल्या आहेत,’ तो म्हणाला. ‘ते अजूनही फक्त विंडोजवरच.’

म्हणजे गल्ला आजही मोनोवरच. तो प्रकल्पही मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये वाइनवाल्यांच्या, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या मंडळींच्या हवाली केलाय.

‘मग नवं लिही.’

‘लिहितो. काकांना एफ-फाइव्ह सोडून दुसरं बटण तू शिकव, मग बघू.’