रजिस्ट्री होईल हो, पण रस्ता कुठून आणणार?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण शहराच्या कडेला प्लॉट घ्यायचा विचार असेल, घर गुंठेवारीत असेल किंवा गावाकडची जमीन "झोनमध्ये आली" म्हणून घरात चर्चा चालू असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात प्लॉट घेताना माणूस दोनच प्रश्न विचारतो. भाव काय? आणि रजिस्ट्री होते का? प्लॉटिंगवाल्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून त्याच्या बोर्डवर उत्तरंही तेवढीच असतात. "एनए-४४", "क्लिअर टायटल", "येलो झोनला लागून". आता हा "लागून" शब्द नीट बघा. येलो झोनला लागून असलेली जमीन येलो झोनमध्ये नसते, एवढाच त्याचा अर्थ!

खरी अडचण ही आहे की जमिनीबद्दलच्या चार वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो. त्या एकेक करून बघू.

पहिली गोष्ट, सातबारा. जमीन कोणाच्या नावावर आणि कोणत्या हक्कानं, हे तो सांगतो. भोगवटादार वर्ग १ असेल तर मालक सहसा मोकळेपणानं विकू शकतो. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करता येत नाही. आपल्या मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनाम जमिनी आहेत, शिवाय गायरान आहे, त्यामुळे हा रकाना इथं जास्तच जपून वाचायला हवा. गायरान तर कोणाच्या बापाचं नसतं, ते सगळ्या गावाचं असतं. तरी ते बॉण्डवर विकलं जातं आणि घेणारेही सापडतात.

दुसरी गोष्ट, झोन. हा सातबाऱ्यावर नसतो, विकास आराखड्याच्या नकाशावर असतो. पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास. जमीन तुमची असली तरी तिथं काय करता येईल, हे झोन ठरवतो. त्यात अन्याय काही नाही. शेजारच्यानं उद्या घराला चिकटून केमिकलचा कारखाना टाकू नये, म्हणूनच ही व्यवस्था आहे.

तिसरी गोष्ट, आरक्षण. पिवळ्या झोनच्या आतसुद्धा एखाद्या तुकड्यावर शाळा, मैदान, दवाखाना, जलकुंभ किंवा रस्ता दाखवलेला असतो. म्हणजे झोन निवासी, पण नेमकी तुमची जागा मैदानासाठी. "यलो आहे ना, मग झालं" म्हणणारा इथंच फसतो.

चौथी गोष्ट, परवानगी. मंजूर लेआउट आणि बांधकाम परवाना. आराखड्यात निवासी झोन असेल तर आता वेगळ्या एनए परवानगीचा त्रास बराच कमी झालाय. पण लेआउटची मंजुरी आणि बांधकाम परवाना लागतोच. एनएचा कागद म्हणजे मंजूर लेआउट नव्हे.

आता रजिस्ट्रीचं. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून केलेला. २०२३ मध्ये बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे अशी मर्यादा ठरली. पुढे २०२५ मध्ये सरकारनं शहरी आणि निवासी भागातल्या छोट्या तुकड्यांचे व्यवहार मोकळे करायचं ठरवलं. लोकांना आनंद झाला आणि तो साहजिकच आहे. आयुष्यभराची कमाई घालून घेतलेला वीस बाय तीसचा प्लॉट कागदावर आपल्या नावानं नसणं, ही टांगती तलवारच असते.

पण रजिस्ट्रीनं फक्त मालकी ठरते. ड्रेनेज कुठून जाणार, अ‍ॅम्ब्युलन्स वळणार कुठं, पोरं खेळणार कुठं, हे रजिस्ट्री ऑफिस सांगत नाही. ते त्यांचं कामही नाही.

जरा हिशोब करू. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. सध्याच्या नियमावलीत ४,००० चौरस मीटर, म्हणजे साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जागेत लेआउट पाडायचा तर १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, वर नियमाच्या रुंदीचे रस्ते. हे सगळं सोडून विकायला ६० टक्के जागा उरते असं धरा. वीस बाय तीसचे प्लॉट बसतात ४३. तोच एकर कोणालाही न विचारता, बारीक बोळी सोडून कापला, तर साठेक बसतात. हे वरचे पंधरा-सतरा प्लॉट आले कुठून? ते मैदान होतं, रस्ता होता, झाडं होती. ते विकलं गेलं आणि पैसे प्लॉटिंगवाल्याच्या खिशात गेले. वस्तीला उरल्या त्या बोळी. पुढं नळ, ड्रेनेज, दिवे यांचा खर्च महापालिकेवर, म्हणजे परत आपल्यावरच.

आपल्या शहरात अशा गुंठेवारी वसाहती शंभराहून जास्त आहेत. मी तिथं राहणाऱ्यांना दोष देत नाही. वाळूज, चिकलठाण्यात कामाला आलेल्या माणसाला परवडेल असं मंजूर घर कोणी दिलंच नाही. कारखान्यांसाठी जांभळा झोन आखला, कामगाराच्या घरासाठी पिवळा वेळेवर आखला नाही. मग तो जाणार कुठं?

नियोजनानं काय होतं, ते बघायला परदेशात जायची गरज नाही. सिडकोच्या एन सेक्टरमध्ये एक चक्कर मारा. छोटीशी रो-हाउस असली तरी समोर रस्ता आहे, जवळ बाग आहे, शाळेची जागा आहे. सिडकोत तक्रारी नाहीत असं नाही, पण जागा आधी आखली आणि घरं नंतर बांधली, हा फरक आजही डोळ्यांना दिसतो. तिथून मुकुंदवाडी, पुंडलिकनगरच्या गल्ल्यांत या. माणसं तीच, कष्ट तेच. फक्त इथं घरं आधी आली आणि नकाशा नंतर.

आणि नकाशा नंतर येतो तेव्हा काय होतं, ते २०२५ च्या जून-जुलैमध्ये सगळ्यांनी बघितलं. रस्ता रुंदीकरणाच्या मोहिमेत मुकुंदवाडीपासून सुरुवात झाली आणि मोठ्या रस्त्यांवरची शेकडो बांधकामं पडली. महापालिका म्हणत होती, हा विकास आराखड्यातला रस्ता आहे. लोक म्हणत होते, आम्ही इतकी वर्षं इथं आहोत. रस्ता लागतोच, त्यावर माझा वाद नाही. पण नकाशावरची रेघ आणि जमिनीवरची भिंत इतकी वर्षं एकमेकांवर उभी होती, तेव्हा सगळी यंत्रणा काय करत होती? ती भिंत पायाभरणीच्या दिवशी थांबवली असती तर कोणाचं दुकान गेलं नसतं.

आता आराखड्याबद्दल. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा सांगतो की विकास आराखडा निदान २० वर्षांतून एकदा सुधारायचा. आपल्याकडं वाढीव हद्दीचा सुधारित आराखडा २०१५ मध्ये आला, सर्वसाधारण सभेनं केलेल्या बदलांवरून वाद पेटला, २०१६ मध्ये खंडपीठानं तो रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शहराचा नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध व्हायला २०२४ चा मार्च उजाडला. मधल्या काळात शहर थांबलं होतं का? सातारा-देवळाई आधी ग्रामपंचायत, मग सिडकोच्या झालर क्षेत्रात, मग नगर परिषद, मग २०१५ पासून महापालिकेत. पाटी बदलत राहिली, घरं वाढत राहिली.

कायद्यात एक चांगली पायरी आहे, तिच्याकडं कोणी बघत नाही. आराखडा करण्याआधी "विद्यमान भूवापर नकाशा" करायचा असतो, ज्याला ऑफिसात ईएलयू म्हणतात. आज प्रत्यक्षात कुठं घर, कुठं शेत, कुठं नाला, याची प्रामाणिक नोंद. मग त्यावरून पुढच्या २० वर्षांचा प्रस्तावित नकाशा. पहिला नकाशा कच्चा असेल तर दुसऱ्यात भरलेल्या वस्तीवर मैदान पडतं आणि मोकळ्या माळावर काहीच पडत नाही. मग ओरड होते आणि "लोकहितासाठी" आरक्षण उठतं. वस्तीला मैदान नाही ते नाहीच.

आरक्षणाला घड्याळही लावलेलं आहे. त्याच कायद्याचं कलम १२७. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत की आरक्षण संपलं. ही तरतूद चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याच्या जमिनीवर पिढीभर आरक्षणाचा शिक्का ठेवायचा, मोबदला द्यायचा नाही, विकूही द्यायची नाही, हा सरळ अन्याय आहे. पण महापालिका पैसे नाहीत म्हणून गप्प बसते, तेव्हा मालकाची सुटका होते आणि मोहल्ल्याची शाळा जाते. ती गेली हे मोहल्ल्याला कळतसुद्धा नाही.

नद्यांचंही तेच. पूररेषेत निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. खाम आणि सुखना वर्षभर नाल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांची जागा रिकामी आहे असं आपल्याला वाटतं. ती रिकामी नाही. ती पाण्यासाठी राखलेली आहे, आणि पाणी आपला झोन दाखला मागायला येत नाही.

हिरव्याचा पिवळा झाला की त्या जमिनीचा भाव एका सहीत कुठल्या कुठं जातो. ही किंमत मालकाच्या घामातून येत नाही, शहर तिथं रस्ता आणि पाणी नेणार या भरवशावर येते. म्हणजे झोन बदलणं हा सगळ्या शहराच्या पैशाचा निर्णय आहे. तो बंद खोलीत होत असेल तर खिसा आपलाच कापला जातोय.

म्हणून माझ्या चार मागण्या.

एक, आराखडा आणि विद्यमान भूवापर नकाशा प्रत्येक वॉर्ड ऑफिसात लावा. मोठ्या आकारात, मराठीत, गट नंबर वाचता येईल असा.

दोन, आरक्षणांची यादी दरवर्षी जाहीर करा. किती जागा ताब्यात आली, कुठं कलम १२७ ची नोटीस आली, कुठली मुदत कधी संपते, हे लोकांना आधी कळू द्या.

तीन, गुंठेवारी नियमित करताना जमा होणारा पैसा त्याच वसाहतीच्या रस्ता-ड्रेनेजवर खर्च करा आणि हिशोब तिथंच बोर्डावर लावा. २००१ चा गुंठेवारी कायदा नियमित करण्याबरोबर सुधारणेसाठीही आहे, हे त्याच्या नावातच लिहिलंय. नुसती फी भरून मैदान उगवत नाही.

चार, बेकायदा प्लॉटिंगवर बोर्ड पहिल्या विटेच्या आधी लावा. आणि कारवाई विकणाऱ्यावर करा. आज तो मोकळा फिरतो आणि जेसीबी घेणाऱ्याच्या दारात येतो.

आणि आपल्यासाठी एकच काम. इसार देण्याआधी गट नंबर घेऊन नगररचना विभागात जा आणि "झोन दाखला व भाग नकाशा" मागा. त्यात झोन, आरक्षण आणि आराखड्यातला रस्ता कळतो. त्यासोबत सातबारा आणि मंजूर लेआउटची प्रत बघा. प्लॉटिंगवाला म्हणेल, "भाऊ, एवढं कोणी बघत नाही." त्याला सांगा, म्हणून तर शहराची ही गत झाली.

तुमच्या वॉर्डात आरक्षित मैदान, शाळा किंवा दवाखान्याची जागा कुठं आहे आणि आज तिथं काय आहे, ते खाली लिहा. आपलीच एक यादी करू. आणि घरात कोणी प्लॉट बघत असेल तर ही पोस्ट त्यांना आजच पाठवा, इसार दिल्यावर नको.